हजार यार्डांसाठी एक डबी

“आज नाही विकणार मी ही तुम्हाला,” नॅडीन म्हणाली, आणि काउंटरवरच्या हिरव्या कापडावर आडवी ठेवलेली रायफल तिनं दोन्ही हातांनी उचलून मागच्या लाकडी चौकटीत परत उभी केली.

आर्लेन होल्टेनं वाहन परवाना आधीच काढून ठेवला होता. काचेवर पडलेल्या त्या परवान्यावर सात वर्षांपूर्वीचा त्याचा चेहरा होता, आणि का कोण जाणे, तो चेहरा झाकावा म्हणून त्यानं त्यावर हात ठेवला. सकाळचे अकरा वाजले होते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कुठंतरी मागच्या खोलीत रेडिओवर गुरांचे भाव सांगत होते.

“कुणी आधी सांगून ठेवलीय का ही?” त्यानं विचारलं.

“नाही हो. इथंच राहील ती. पुढच्या आठवड्यात या. नाहीतर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर या, सकाळी मी तिथंच असते. आज मात्र नाही.”

“पैसे रोख आहेत माझ्याकडे.”

“असू देत की.” तिनं गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा डोळ्यांवर चढवला. साठी ओलांडलेली, रुंद खांद्यांची बाई. लोकरी बाहीला कुत्र्याचे पांढरे केस चिकटलेले. मग, पिशवी देऊ का असं विचारावं इतक्या साध्या आवाजात तिनं विचारलं, “जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात आहे का तुमच्या?”

आर्लेन हसला. हसू आलं म्हणून नव्हे; अशा वेळी माणूस हसतो, म्हणून. “मी? अहो, मी नेम मारायला घेतोय. लांबचा. तीन महिने झाले, हेच वाचतोय.”

“हो, म्हणालात तसं तुम्ही.”

“मग?”

“मग काही नाही. मी चुकत असेन तर राग धरा माझ्यावर, चालेल मला.” तिनं परवाना उलटा करून त्याच्याकडे सरकवला. “घरी कोण असतं?”

“बायको,” तो म्हणाला, आणि आपण उत्तर का दिलं याचाच राग येऊन बाहेर पडला.

बाहेर वारा होता. ग्रेट फॉल्समध्ये वारा नसतो असा दिवस वर्षातून चार-पाचदा येतो आणि त्या दिवशी लोकांना आपले कान गेले की काय असं वाटतं. मार्चमधला, डोंगर उतरून येणारा तो कोमट वारा. रस्त्याकडेच्या बर्फाला आतून पोखरणारा. पिकअपचं दार त्याच्या हातून निसटलं आणि बिजागरीपर्यंत उघडून दणकन थांबलं. आत बसल्यावर त्यानं किल्ली फिरवली नाही. गाडी वाऱ्यानं हलत होती. आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय आणि तो माणूस अस्वस्थपणे पाय हलवतोय, असं त्याला वाटलं. काय पण बाई! कोण लागून गेली ही? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी, शहराच्या पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं नोकरी, अर्ध्या गावानं आज सकाळी चहा-कॉफी केली ती मी तपासलेल्या पाण्याची. दारू नाही, कर्ज नाही, कुणाशी भांडण नाही. पोरगी ब्रिट टकोमात सुखात आहे. बायको सुखात आहे. निदान तक्रार करत नाही. आणि ही बाई दहा मिनिटांच्या ओळखीवर मला विचारते. त्यानं आरशात पाहिलं. दाढी केलेली होती. डोळ्यांखाली थोडं सुजलेलं होतं, पण ते पाळीची नोकरी करणाऱ्या कुणाचंही सुजतं. काय दिसलं तिला? घरात नाही दिसलं, कामावर नाही दिसलं, ते हिला काउंटरपलीकडून दिसावं असं काय होतं?

नोव्हेंबरमध्ये वेंडेलनं त्याला पहिल्यांदा रेंजवर नेलं होतं. वेंडेल पंपांचा मिस्त्री, गलेलठ्ठ, बोलका, नको असताना मदत करणारा. “चल रे, रविवारी घरात बसून काय पाण्याचे थेंब मोजणारेस?” असं म्हणून त्यानं जवळजवळ ओढूनच नेलं. गावाबाहेर, गव्हाच्या कापलेल्या रानांपलीकडे, एका लांबट घळीत ती रेंज. जमिनीवर चटई, चटईवर पोट, पोटाखाली खडे. वेंडेलची रायफल पुढच्या दोन पायांवर टेकलेली. “गाल टेकव. श्वास घे, अर्धा सोड, आणि उरलेला सोडायचं विसरून जा,” वेंडेल म्हणाला. दुर्बिणीतला तो गोल, त्या गोलात बारीक काळी फुली, फुलीपलीकडे तीनशे यार्डांवरचा कागद. आणि फुली त्याच्या नाडीबरोबर हलत होती. आपलं हृदय इतकं नेमानं काम करतंय हे त्याला कितीतरी दिवसांत कळलं नव्हतं. मग तो श्वास सोडायचं विसरला, आणि डोक्यातला आवाज बंद पडला. तो आवाज कसला हे त्याला सांगता आलं नसतं. पंपघरात पाच पंप चालू असतात तेव्हा आवाज ऐकूच येत नाही. दुरुस्तीसाठी एखाद्या दुपारी सगळे थांबवले की मग कळतं, भिंतीसुद्धा थरथरत होत्या. तसं झालं. दोन सेकंद, फार तर तीन. गोळी कुठं गेली हे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. घरी येताना तो व्हर्नाला काय सांगावं याचा विचार करत राहिला आणि अखेर म्हणाला, “मजा आली.” व्हर्नानं हातातला मोजा खाली ठेवला. “तुला? मजा?” ती म्हणाली. “मग घे ना एक. ख्रिसमसचं समज. माझं नि तुझं मिळून.”

मग निवड सुरू झाली. पंधराशे डॉलर, त्यात सगळं. याच्या वर एक सेंट नाही, असं दोघांनी ठरवलं. आर्लेननं दुकानातून चौकटींची वही आणली. प्रयोगशाळेत तो दर दोन तासांनी क्लोरीन आणि गढूळपणा लिहितो त्याच अक्षरात तो संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नळीची लांबी, वजन, दस्ता, चाप किती जोरानं ओढावा लागतो, हे लिहू लागला. इंटरनेटवर माणसं या गोष्टींवरून आयुष्याची वैरं धरतात हे त्याला तिथं कळलं. साडेसहा मिलिमीटरची गोळी वाऱ्याला कमी ऐकते आणि खांद्यालाही कमी लागते; तीनशे आठ मापाची जुन्या धाटणीची काडतुसं कुठल्याही खेडेगावात मिळतात, पण हजार यार्डांवर जाईतो त्यांची गोळी बिचारी दमून जाते. पातळ नळीची शिकारी रायफल स्वस्त, खांद्यावर हलकी, पण तिसऱ्या गोळीला तापते आणि नेम भलतीकडे नेते. आपल्याला चालायचं नाहीये, झोपायचं आहे, तेव्हा जाड नळी, वजनाची पर्वा नको. दस्त्याचा गालाकडचा भाग वरखाली होणारा हवा, नाहीतर मान अवघडते. तो नसेल तर जुन्या उशीचा तुकडा चिकटपट्टीनं बांधावा, तेवढेच शंभर वाचतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जी भांडणारी सगळी माणसं एकमुखानं सांगत होती: कमी पैशांत घ्यायचं असेल तर रायफलीवर खर्च करू नका, दुर्बिणीवर करा. अर्धे पैसे काचेला. उरलेल्यातले काही काडतुसांना राखा, कारण दोनशे गोळ्या झाडल्याशिवाय तुम्हाला तुमची रायफल कळणारच नाही. आर्लेननं ते वाक्य वहीत लिहून त्याखाली पट्टीनं रेघ मारली होती. सतरा रायफलींच्या नऊ झाल्या, नऊच्या चार. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी, बाहेर उणे पंचवीस, व्हर्ना समोर शाळेच्या स्वयंपाकघराच्या याद्या करतेय, आणि आपण एक ओळ खोडतोय. ते वाईट दिवस नव्हते. खरं तर बरेच बरे होते. मग फेब्रुवारीच्या शेवटी एकच ओळ उरली. ती उरली तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं वही मिटली आणि आता उद्या संध्याकाळी काय करायचं हे त्याला समजेना.

गाडी पुन्हा हलली. समोरच्या फुटपाथवरून एक कागदी पेला गडगडत गेला. आर्लेननं मघाचं बोलणं सुरुवातीपासून आठवून पाहिलं, प्रयोगशाळेत आकडा चुकला की मागं जात जात बघतो तसं. त्यानं ओळीत उरलेल्या त्या रायफलीचं नाव सांगितलं होतं. नॅडीननं ती काढली, उघडून दाखवली. चांगली निवड आहे, म्हणाली, एवढ्या पैशांत याहून सरळ नळी मिळायची नाही. किती लांबचं मारायचंय? हजार यार्ड, तो म्हणाला. मग तिनं विचारलं, दुर्बीण कोणती बसवणार? बघू नंतर, तो म्हणाला. आणि काडतुसं? ती मागच्या फळीकडे वळत म्हणाली, किती डब्या काढू? पाच-सहा तरी लागतीलच ना सुरुवातीला?

“एक डबी पुरे,” तो म्हणाला होता.

एक डबी. वीस गोळ्या. दुर्बीण नाही. उघड्या डोळ्यांना हजार यार्डांवरची पाटी दिसतसुद्धा नाही. हे त्याला माहीत होतं. तीन महिने त्यानं दुसरं काही वाचलंच नव्हतं. रेघ मारलेलं वाक्य त्याला पाठ होतं. पंधराशेपैकी खिशातल्या पाकिटात त्यानं रायफल नि एका डबीपुरतेच, सहाशे, घेतले होते. सकाळी कपाटातून ते मोजून काढले तेव्हाही त्याला काही वाटलं नव्हतं. हात मोजत होते. हातांना माहीत होतं का? आर्लेननं आपले हात पाहिले. ते स्टिअरिंगवर नेहमीसारखे पडले होते, रसायनांनी नखं पिवळट झालेले, गरीब, कामसू हात. त्याला त्यांची भीती वाटली.

मरावं असं कधी मनात आलं नव्हतं. असं वाक्य तरी आलं नव्हतं. आलं होतं ते एवढंच, की थांबावं. दर दोन तासांनी नमुना, दर दोन तासांनी आकडा, आणि नदी तर वाहतेच आहे. आज तपासलं ते पाणी उद्या डाकोटात असेल. त्यात दुःख नव्हतं. दुःख असतं तर त्याचं काही करता आलं असतं. सकाळी मोजे घालताना एक मोजा घालून झाला की दुसऱ्याकडे बघत बसावंसं वाटायचं, इतकंच. हे काय कुणाला सांगायचं? डॉक्टरला? मोजा घालवत नाही म्हणून?

त्यानं गाडी सुरू केली ती घराकडे जायला नव्हे. ती बाई चुकली, हे सिद्ध करायला हवं होतं. विमानतळाकडच्या टेकडीखाली मोठं दुकान होतं, तंबू, होड्या, बूट, बंदुका सगळं एका छपराखाली. तिथं छातीवर नावाची पट्टी लावलेला चाळिशीचा हसरा माणूस होता. आर्लेननं रायफलीचं नाव सांगताच त्यानं टाळी वाजवली. “वा, नशीबवान आहात, याच आठवड्यात सूट आहे! पन्नास कमी! बाकी काही? टोपी फुकट आहे त्याबरोबर.” त्यानं काही विचारलं नाही. फॉर्म पुढं केला आणि पेन दिलं. नाव, पत्ता, जन्मगाव, उंची, वजन; मग प्रश्नांची लांबलचक रांग. गुन्हा केला आहे का? फरार आहात का? अमली पदार्थ? वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं का कधी? प्रत्येकासमोर हो आणि नाही. आर्लेन नाही, नाही, नाही असं करत खाली आला. सगळी उत्तरं खरी होती. फॉर्म संपत आला आणि त्याच्या लक्षात आलं, की त्या बाईनं विचारलेला प्रश्न यात नाही. तो असता तर आपण कुठं खूण केली असती? पेन कागदावर टेकून राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“अडलं का कुठं?” हसरा माणूस म्हणाला.

“चष्मा,” आर्लेन म्हणाला, “चष्मा गाडीत राहिलाय माझा.” चष्मा त्याच्या नाकावर होता. त्या माणसाला ते दिसलं नाही, किंवा दिसून त्याला काही वाटलं नाही; “हो हो, या सावकाश,” तो म्हणाला. आर्लेन त्याच्याकडे क्षणभर बघत उभा राहिला. हा आपल्याला काहीतरी विचारील असं त्याला वाटत होतं. विचारावं असं वाटत होतं. मग तो दारातून बाहेर पडला.

व्हर्ना साडेतीनला शाळेतून आली. तिनं येताना उरलेले पाव आणले होते. ते ओट्यावर ठेवून ती बटाटे सोलायला बसली. “आणलीस?” तिनं विचारलं. “दाखव की. कुठं लपवलीयस?”

“नाही मिळाली.”

“म्हणजे? फोनवर तर आहे म्हणाले होते.”

“होती. दिली नाही.”

“दिली नाही म्हणजे काय? कागद कमी पडला का काही? तरी मी सांगत होते, परवान्यावर जुना पत्ता आहे तुझा. तीन वर्षं सांगतेय.”

“कागद नाही गं.” तो खिडकीशी उभा होता. बाहेर शेजाऱ्याचा झेंडा दोरीवर फडाफडा आपटत होता. “ती बाई म्हणाली, आज नको. मला विचारलं, जिवाचं काही करून घ्यायचंय का म्हणून.”

सुरी थांबली. मग ती इतक्या जोरात सुरू झाली की सालाबरोबर बटाटाही जाऊ लागला. “काय म्हणाली? कोण ती? नाव काय तिचं? असं विचारतात होय कुणाला? मी फोन करते तिला. गिऱ्हाईकाशी बोलायची ही रीत झाली का? तू काय म्हणालास?”

“मी हसलो.”

“बरं केलंस.”

“व्हर्ना, मी तिच्याकडे एकच डबी मागितली. आणि दुर्बीण नंतर बघू म्हणालो.”

व्हर्नाला त्यातलं काही कळलं नसावं असं त्याला वाटलं. पण गेले तीन महिने ती त्याच टेबलापलीकडे बसत होती. त्यानं वाचून दाखवलेलं, तिनं ‘हं’ म्हणून सोडून दिलेलं सगळं कुठंतरी साठलं असणार. तिनं सुरी खाली ठेवली. नंतर अर्धवट सोललेला बटाटाही ठेवला. नळ चालू राहिला होता. आर्लेननं जाऊन तो बंद केला.

“तू वेंडेलला तुझा मासे धरायचा गळ का दिलास?” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तुझ्या वडलांचा गळ होता तो. फेब्रुवारीत दिलास. मी विचारलं तर म्हणालास, आता रायफल येतेय, कशाला हवाय. मला किती बरं वाटलं होतं माहितेय तुला? वाटलं, चला, याला एका गोष्टीसाठी दुसरी सोडावीशी वाटतेय, म्हणजे काहीतरी हवंय याला. मी ब्रिटला फोन करून सांगितलं, बाबा माणसात आलाय म्हणून. मूर्ख मी!”

“मलाही माहीत नव्हतं.”

“नव्हतं?”

“अजूनही नीटसं नाहीये.” तो तिच्या समोरच्या खुर्चीवर बसला. “मी दमलोय गं. म्हणजे, कामानं नाही. झोपून उठलो की दमलेला असतो. मला काहीच नकोय. वाईटसुद्धा वाटत नाही. तसं म्हणायचं तर दोन वर्षं झाली असतील. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.”

व्हर्नानं बटाट्याचे ओले हात उचलले आणि त्याचे कान धरले. मारायला धरावेत तसे. पण मारलं नाही, धरूनच राहिली. “गाढव आहेस,” ती म्हणाली. “अरे, सांगायला काय झालं होतं तुला? मी काय भिंत आहे?” मग ती रडली, तो रडला नाही. तिचं रडणं संपेपर्यंत तो तसाच कान तिच्या हातात देऊन बसला. तिच्या बोटांना पिठूळ, मातकट वास होता. बटाटे त्या रात्री अर्धेच शिजले.

गुरुवारी दोघं डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं मोज्यांची गोष्ट ऐकून घेतली, हसला नाही. डावा की उजवा असंही त्यानं विचारलं नाही, म्हणून आर्लेनला त्याच्याबद्दल थोडं बरं वाटलं. गोळ्या लिहून दिल्या, बुधवारी दुपारी बोलायला एक समुपदेशक बाई ठरवली, आणि उन्हाळा येईपर्यंत घरात बंदूक नको, एवढं व्हर्नाकडे बघून सांगितलं. “तुम्हाला राग नाही ना?” त्यानं आर्लेनला विचारलं. राग यायलाही थोडी ताकद लागते, असं आर्लेनच्या मनात आलं. घरी येताना व्हर्ना म्हणाली, “शनिवारी मला त्या दुकानवाल्या बाईला बघायचंय.” “भांडायला?” “ते बघितल्यावर ठरवीन.”

शनिवारी वारा निम्म्यावर आला होता. घळीच्या तोंडाशी पाच-सहा गाड्या होत्या. नॅडीन एका घडीच्या खुर्चीवर थर्मास घेऊन बसली होती. आर्लेनला पाहून ती उठली नाही, पण तिनं पेला खाली ठेवला.

“मी व्हर्ना. याची बायको.”

“बरं झालं आलात.”

व्हर्ना तिच्यासमोर उभी राहिली. वाटेत तिनं काही वाक्यं तयार केली होती, आर्लेननं तिचे ओठ हलताना पाहिले होते. त्यातलं एकही तिनं वापरलं नाही. “तुम्ही सगळ्यांनाच असं विचारता का हो?” ती म्हणाली.

“नाही. एकदा विचारायला हवं होतं, तेव्हा नाही विचारलं.” नॅडीननं बाहीवरचा केस चिमटीत धरून काढला. “चांगला माणूस होता. चेष्टामस्करी करून गेला माझ्याशी. बंदुकीला पट्टा नको, साफसफाईचं सामान नको, एवढं तेवढं स्वस्तातलंही नको. म्हटलं, काटकसरी असेल. सोमवारी शेरीफ आला, पावती घेऊन. तेव्हापासून मी हिशेबाचं बघत नाही, माणूस काय घेत नाही ते बघते.” मग आर्लेनकडे वळून, “कमी पैशांत घेणारी माणसं मला रोज भेटतात. ती डोकं खातात. ही दुर्बीण जुनी मिळेल का, काडतुसांच्या दहा डब्यांवर काही कमी करता का, नळी किती गोळ्यांत झिजते. तुम्ही काही विचारलंच नाहीत. घासाघीससुद्धा केली नाहीत.”

“माझ्या वहीत सगळं होतं,” आर्लेन म्हणाला.

“असेल.”

घळीत कुणीतरी झाडलेल्या गोळीचा आवाज दोन्ही कडांवर आपटत लांब गेला. व्हर्नानं डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. बायका आजारपणाबद्दल बोलतात तसं, आर्लेन तिथं नसल्यासारखं. नॅडीन मान डोलावत राहिली. “मग उन्हाळ्यात बघू,” ती म्हणाली. “तोवर यांनी वारा वाचावा. नेम कुणालाही शिकवता येतो. वारा वाचणारा माणूस मिळत नाही.” तिनं तिपाईवरची मोठी दुर्बीण आर्लेनकडे फिरवली. “आणि तुम्ही झोपा,” ती व्हर्नाला म्हणाली.

“मी? छे! मी जन्मात नाही झाडली.”

“मग बरंच. वाईट सवयी नसतील.”

व्हर्नानं आर्लेनकडे पाहिलं, मग कोटाच्या गुंड्या लावल्या आणि चटईवर आडवी झाली; एकेक गुडघा टेकत, कण्हत, चर्चमध्ये गुडघे टेकतानाही कण्हते तशी. नॅडीननं आपल्या रायफलीचा दस्ता तिच्या गालाच्या मापाचा केला, त्याच्याखाली वाळूची पिशवी सरकवली, हलक्या आवाजात काही सांगितलं. आर्लेननं डोळा दुर्बिणीला लावला. हजार यार्डांवर, घळीच्या शेवटी, दोन साखळ्यांना टांगलेली पांढरी लोखंडी पाटी. मधल्या हवेत उकळत्या पाण्यासारखी लाट. अर्ध्या वाटेवरचं गवत उजवीकडून वाकत होतं, पाटीजवळचं मात्र उभं होतं. मधेच एक झुडूप थरथरून थांबलं. “उजवीकडून,” तो म्हणाला. “मधे जास्त, शेवटी काहीच नाही.” नॅडीननं दुर्बिणीत न पाहताच ऐकलं आणि रायफलीवरची नेम सरकवायची चकती दोन खटके फिरवली.

“आता,” ती म्हणाली.

गोळी सुटली. व्हर्नाचा खांदा मागं हलला. इतक्या लांबवर गोळी पोचून तिचा आवाज परत यायला चार सेकंद लागतात. त्या चार सेकंदांत आर्लेननं दुर्बिणीतून पाटीकडे बघायला हवं होतं. त्याचा डोळा काचेवरून निघाला आणि खाली आला. चटईच्या कडेला व्हर्नाचे पाय होते, टाचा बाहेर पडलेल्या. शाळेत घालते तेच पांढरे बूट. दोन्ही तळ बाहेरच्या बाजूनं झिजून तिरके झाले होते, डाव्याला तर भोक पडायचं बाकी होतं. तीनशे पोरांचं जेवण, आठ तास सिमेंटवर उभं राहून, आणि हे किती वर्षं? ते बूट दारात त्याच्या बुटांशेजारीच रोज असत. ते उलटे करून कुणी कशाला बघेल?

पाटीकडून काहीच आवाज आला नाही. आर्लेननं डोळा परत काचेला लावला तेव्हा पाटीच्या डाव्या अंगाला मातीचा लहानसा ढग विरत होता.

“गेली कुठं?” व्हर्ना म्हणाली.

“हातभर डावीकडे,” आर्लेन म्हणाला. “पहिलीला वाईट नाही,” नॅडीन म्हणाली. “घ्या दुसरी.”

व्हर्नानं दुसरी घेतली नाही. गाल दस्त्यावर तसाच टेकलेला, डोळे पुढं. तिची पाठ एकदा वर आली आणि खाली गेली.

“व्हर्ना?” आर्लेन म्हणाला. “काय झालं? दुखलं का खांद्याला?”

“नाही रे.” ती वळली नाही. “पडल्यावर बरं वाटतंय जरा. मी पण दमलेय, आर्लेन.”

नॅडीन थर्मास उचलून आपल्या गाडीकडे गेली. आर्लेननं तिपाई बाजूला केली. मग एक हात जमिनीवर टेकवून, गुडघ्यांचे कडकड आवाज करत तो खाली बसला. चटई एका माणसापुरतीच होती.

“सरक जरा,” तो म्हणाला.

ती सरकली. तिच्या कुशीकडची उबदार झालेली जागा त्याला मिळाली, अर्धं अंग खड्यांवर, अर्धं चटईवर. समोर गवत वाकत होतं आणि उभं राहत होतं.